१३ ऑक्टोबर, भिंतीपाशी

आज शेवटी गेले. इतकी वर्षं पिट्सबर्गात काढली, इथल्या ऑकलंड भागातून शेकडो वेळा त्या भिंतीशेजारून चालले, पण तेरा ऑक्टोबरला तिथे कधी थांबले नव्हते. फोर्ब्ज फील्ड हे बेसबॉलचं मैदान १९७० मध्येच बंद झालं. उरली ती वेलींनी माखलेली विटांची भिंत, आणि होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथली पाटी, तीही आता विद्यापीठाच्या पॉझ्वार हॉलच्या फरशीत काचेखाली.

माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आली होती. इथल्या पायरेट्स संघाच्या जुन्या टोप्या, डबे, मांडीवर नातवंडं. एक वाजून गेल्यावर १९६०च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज अशा सातव्या, निर्णायक सामन्याचं रेडिओ समालोचन लावलं. आख्खं. १९८५ मध्ये एक जण इथे एकटाच टेप घेऊन येऊन बसला होता, तेव्हापासूनची ही रीत. काय होणार ते प्रत्येकाला पाठ आहे, तरी आठव्या डावात पायरेट्सच्या हॅल स्मिथच्या होमरनला (आपल्या षटकारासारखा फटका) लोक उठून उभे राहिले आणि नवव्यात यांकीजनी ९-९ अशी बरोबरी केली तेव्हा खरोखर गप्प झाले. मग ३ वाजून ३६ मिनिटं. टेप अशी लावतात की सामना जिंकून देणारा तो शेवटचा फटका त्याच मिनिटाला ऐकू यावा. समालोचक घाईत पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नाव चुकवतो, टेरीच्या जागी डिटमार म्हणतो. ती चूकही सगळ्यांच्या ओळखीची. आणि पायरेट्सच्या मॅझरॉस्कीने मारलेला चेंडू भिंतीपार.

सगळे ओरडले. मला रडू आलं. माझा काय संबंध? तेव्हा माझे आईबाबाही शाळेत होते.

शेजारच्या आजोबांनी विचारलं, तुझा असा क्षण कुठला? मी वानखेडे म्हणाले, २०११. त्यांना अर्थातच ठाऊक नव्हतं. धोनीचा तो षटकार जिथे पडला तिथल्या खुर्च्यांचं स्मारक करायचं मुंबईत ठरलं, तेही सांगितलं. ते इतके खूश झाले की पुढचं बोलवेना. पुढचं म्हणजे, मी तो पाहिलाच नाही.

२ एप्रिल, शनिवार. मी हिलमन लायब्ररीत, या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. दुपारचा सव्वा वाजला असेल. बाबांचा फोन आला आणि मी तो कापला. पेपर होता सोमवारी. रात्री त्यांनी पुन्हा केला, पण तेव्हा ते नेहमीच्या आवाजात बोलले, जेवलीस का वगैरे.

इथे पासष्ट वर्षांपूर्वीचा अडीच तासांचा आवाज जपून ठेवलाय. माझ्याकडे त्या फोनचा एक सेकंदही नाही. त्यांना काय ऐकवायचं होतं? टीव्हीचा आवाज? त्यांचा स्वतःचा? ते ओरडले असतील का? मी बाबांना कधी ओरडताना ऐकलेलं नाही, आणि जे एकदा ऐकू आलं असतं ते मीच बंद केलं. बसमध्ये, जिन्यात, पोळी भाजताना, हेच.

आत्ता आईला फोन केला. तिकडे सकाळचे सात, चहा चालला होता. विचारलं, तो षटकार लागला तेव्हा बाबा काय करत होते गं?

"तुला फोन लावत होते. चष्मा नव्हता, नंबर सापडेना, पाठ टीव्हीकडे. त्यांनी तरी कुठे बघितला? सगळी गल्ली ओरडायला लागली तेव्हा वळले."

म्हणजे दोघांचाही हुकला.

मग म्हणाली, "नंतर किती वेळा दाखवला तो! दर वेळी बसायचे बघत, आणि दर वेळी विचारायचे, ही झोपली असेल का आत्ता? अगं, दूध उतू जातंय, ठेवते."

हसू आलं मला. रडूनही झालं होतं तोवर. पुढच्या वर्षी खुर्ची घेऊन जायला हवी, गवत फार ओलं असतं. आजोबांना उरलेलं सांगायचंय.