ग्रेनोबलचा बीमटाइम: पुण्यातूनच काय करून निघावं

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या युरोपियन सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवून प्रखर क्ष-किरण बनवणाऱ्या ईएसआरएफ या यंत्रावर, पोचल्यावर बीमलाइनच्या, म्हणजे प्रयोगासाठी काढलेल्या किरणवाटेच्या, शास्त्रज्ञांनी आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न आम्ही नेलेल्या बॅटरीविषयी नव्हता. सॅम्पल ज्या पिनवर बसवून किरणांपुढे धरतात तिच्यावर ते कशाने चिकटवलंय आणि चिकटवून किती दिवस झालेत, हे त्यांना आधी हवं होतं. बीमटाइमचे, म्हणजे किरण वापरायला मिळालेले, सगळे दिवस या ना त्या रूपात याच प्रश्नाभोवती फिरले, म्हणून हा वृत्तांतही त्याच अंगाने लिहितेय.

आधी आमचं काम. पुण्यात आमचा गट लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर, म्हणजे धन बाजूच्या इलेक्ट्रोडवर, काम करतो. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचे हे कण काही मायक्रोमीटरचे. चार्जिंग-डिस्चार्जिंगच्या प्रत्येक फेरीत ते थोडे फुगतात, आक्रसतात आणि हळूहळू त्यांना आतून तडे जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तडे दिसतात, पण त्यासाठी कण कापावा लागतो. मग तडा चार्जिंगने गेला की कापण्याने, हा वाद परिसंवादातल्या चहापर्यंत पुरतो. क्ष-किरणांना कापाकापी लागत नाही. आम्ही गेलो त्याच आयडी-१६ए बीमलाइनवर झालेलं एक काम २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं होतं. हजारो कण त्रिमितीत पाहून त्यातून निघालेली गोष्ट अशी: सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक कण आपापल्या आकार-ठेवणीप्रमाणे बिघडतो, नंतर मात्र शेजारी कोण आहे आणि कणांभोवतीच्या वीजवाहक कार्बनच्या जाळ्याशी संपर्क किती उरलाय, यावर त्याचं भवितव्य ठरतं. आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरची रेंज का घटते, त्याच्या मुळाशी असलेलं हे चित्र आहे.

आता जागा. इझेर आणि द्राक या दोन नद्यांच्या संगमाजवळ, तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या सपाटीवर, ८४४ मीटर परिघाचं हे वर्तुळ आहे. आत ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि चुंबकांनी त्यांची वाट वळवली की क्ष-किरण सोडतात. जुनं यंत्र २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद करून त्याच बोगद्यात नवं बसवलं, ते ऑगस्ट २०२० मध्ये वापरकर्त्यांना खुलं झालं. आमची बीमलाइन मात्र मुख्य इमारतीत मावत नाही. उगमापासून सॅम्पलपर्यंतचं अंतर १८५ मीटर, त्यामुळे तिला बाहेर स्वतंत्र इमारत आहे. इतकं लांब का, तर आरसा उगमाची प्रतिमा सॅम्पलवर पाडतो. उगम जितका दूर आणि सॅम्पल आरशाच्या जितकं जवळ, तितका ठिपका लहान. इथे तो सुमारे १३ नॅनोमीटरपर्यंत आणलेला आहे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग).

क्ष-किरण काचेच्या भिंगाने वळत नाहीत. एकापाठोपाठ एक, एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन वक्र आरशांवरून ते अगदी निसटते घसरवून एकत्र आणतात. ही युक्ती १९४८ ची, पॉल कर्कपॅट्रिक आणि अल्बर्ट बाएझ यांची. हे बाएझ म्हणजे गायिका जोन बाएझ यांचे वडील. रात्रीच्या शिफ्टला जागं राहायला अशा गोष्टी उपयोगी पडतात.

आणि आता गोंद. एका स्कॅनमध्ये सॅम्पल गोल फिरवत हजारो प्रतिमा घेतात, आणि तेच पुन्हा चार वेगवेगळ्या अंतरांवर करतात. मग संगणक त्यातून घनता उलगडतो. हे सगळं होईपर्यंत सॅम्पल जागचं हलता कामा नये, आणि ‘हलणं’ म्हणजे इथे दहा-वीस नॅनोमीटर. साधा हिशेब करून पाहा: एक सेंटिमीटर लांब पोलादी पिन एका अंशाने तापली तर सुमारे १२० नॅनोमीटरने लांबते. आम्हाला बघायचे होते ते तडे त्याहून अरुंद. म्हणून पिन आखूड हवी. इपॉक्सी पुरतं कडक झालेलं हवं, कारण अर्धवट कडक झालेलं कित्येक तास आक्रसत राहतं आणि किरणांखाली वेडंवाकडं वागतं. कार्बन टेप तर नकोच, ती रबरासारखी हळूहळू सरकते. थेंबही इतकाच हवा की किरणांच्या वाटेत गोंद येऊ नये. सॅम्पल निर्वातात ठेवतात, त्यामुळे इलेक्ट्रोड धुऊन पूर्ण वाळवलेलाच न्यायचा.

हच, म्हणजे शिशाच्या भिंतींची खोली, बंद करायलाही रीत आहे. आत कोणी नाही हे फिरून पाहायचं, शोधाचं बटण दाबायचं, बाहेर यायचं, दार लावायचं. तेव्हाच किरणांची वाट उघडते. पण दार उघडून आत गेलात की तुमच्या अंगाची ऊब आत जाते आणि तापमान पुन्हा बसेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून ‘जरा बघून येते’ हा आपला स्वभाव तिथे आवरावा. सॅम्पल बसवल्यावर निवांत जेवून यावं आणि मगच खरा स्कॅन लावावा. आमच्या सरांना हे रिकामं बसणं फार जड गेलं.

इथल्या क्ष-किरणांनी आणखी काय सापडलंय ते शेजारच्या गटांशी बोलताना कळत जातं. मला सर्वात आवडलेलं काम मलेरियाचं, २०१९ चं. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि उरलेलं विषारी हीम, म्हणजे त्यातला लोहाचा भाग, स्फटिक करून बाजूला ठेवतो. क्विनोलीन गटातली औषधं, आपल्या ओळखीची क्लोरोक्विनची कडू गोळी त्यातलीच, नेमकं काय करतात यावर बरीच वर्षं तर्क चालू होते. संशोधकांनी औषधाच्या रेणूला ब्रोमीन जोडलं आणि गोठवलेल्या पेशीत ब्रोमीनची चमक शोधली. ती स्फटिकांच्या पृष्ठभागावर सापडली. म्हणजे औषध स्फटिकाची वाढ अडवतं आणि परजीवी स्वतःच्याच विषाने मरतो. २०२० मध्ये माशीच्या आणि उंदराच्या मज्जापेशींचे धागे इथे कापाकापीशिवाय मागोवा घेण्याइतके स्पष्ट दिसले. २०१७ मध्ये गोंदवण्याच्या रंगाचे नॅनोकण माणसाच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसलेले आढळले. ते वाचून आमच्या गटातल्या एकीने टॅटूचा बेत पुढे ढकलला.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. अर्ज वर्षातून दोनदा मागवतात, वसंतात आणि सप्टेंबरात. मागणी उपलब्ध वेळेपेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून ‘आम्हाला फोटो हवेत’ एवढ्यावर काही मिळत नाही. मायक्रोमीटरच्या पातळीवरचं चित्र आधी जोडावं आणि त्यात नेमकं काय दिसत नाही ते सांगावं. त्यासाठी इंदूरला जा. तिथल्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या आपल्या सिंक्रोट्रॉनवर इमेजिंगची बीमलाइन आहे, सॅम्पल बसवण्याचा सरावही तिथे होतो, आणि पोहे-जिलबी मिळते ती वेगळीच. लांबलचक स्कॅनची पहिली आणि शेवटची प्रतिमा एकमेकांवर ठेवून पाहा. जुळल्या तर गोंद पास.

वेळ आठ तासांच्या शिफ्टमध्ये देतात आणि शिफ्ट चोवीस तास सलग असतात. दोघांनी जाऊ नये, माणूस झोपतो. निदान तिघं-चौघं हवीत. सॅम्पलची सुरक्षा-माहिती आणि ऑनलाइन प्रशिक्षण घरूनच उरकावं. आमंत्रणाचं पत्र हातात येताच व्हिसाच्या मागे लागावं. कुणाच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मिळतो ते आधी लेखी विचारून घ्यावं. ल्योंच्या विमानतळावरून ग्रेनोबलला थेट बस आहे. गावातून ट्राम बी पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. फाटकावर पासपोर्ट लागतो, तो खोलीत ठेवून फिरायला जाऊ नये.

राहायला आवारातलंच गेस्टहाउस घ्या, रात्री तीनला चालत खोलीवर येता येतं. कँटीनमध्ये शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण ते रात्रभर उघडं नसतं आणि रविवारी दुपारनंतर गावातली बहुतेक दुकानं बंद. मेतकूट, भाजणी, चिवडा आणि छोटी विजेची किटली बरोबर असू द्या. फ्रेंच सॉकेटचं अडॅप्टर दोन न्या. यंत्राच्या देखभालीसाठी बीम नसतो अशी एखादी वेळ मिळाली तर बास्तीयच्या किल्ल्यावर जाणाऱ्या गोल पाळण्यांत बसा. वरून दोन्ही नद्या आणि मधलं ते वर्तुळ स्पष्ट दिसतं.

डेटा काही टेराबाइट होतो. हार्ड डिस्कवर भरून आणायचा हट्ट करू नका. तो तिथल्या पोर्टलवर राहतो आणि तीन वर्षांनी सर्वांना खुला होतो. ही मुदत वाटते तेवढी लांब नाही. कोणत्या सॅम्पलला कोणतं नाव दिलं, कोणता गोंद, कोणती पिन, कधी बसवलं, हे वहीत तिथल्या तिथेच लिहा.