तुम्ही विचारलंत म्हणून: नर्स असून निदान कसं करता?

मिरजेला सुट्टीवर गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. चहाचा कप खाली ठेवत कुणीतरी म्हणतं, "तू नर्सच ना गं? मग पेशंटला काय झालंय ते तू कशी सांगतेस? डॉक्टर ओरडत नाहीत?" इथे अमेरिकेत, फिनिक्समध्ये सहा महिने मुलाकडे राहायला आलेले काका-काकूही तेच विचारतात, फक्त जरा आडून. "मोठे डॉक्टर नंतर येणार आहेत का?"

नाही येणार. मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. तपासते, निदान करते, औषध लिहून देते, आणि माझ्या आवाक्याबाहेरचं असेल तर तज्ज्ञाकडे पाठवते. ॲरिझोनात त्यासाठी माझ्या कागदावर डॉक्टरची सही लागत नाही. टेक्सासमध्ये असते, तर औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार करावा लागला असता. बी.एस्सी. नर्सिंगनंतर मास्टर्स, मग राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, असा हा रस्ता. याची सुरुवात 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून तो अभ्यासक्रम काढला. कारण साधंच होतं, मुलांना तपासायला पुरेसे डॉक्टर नव्हते.

हे झालं कागदावरचं. पण तुम्ही 'कसं' विचारलंत, आणि त्याचं उत्तर पुण्यातल्या एका सर्जिकल वॉर्डात सुरू होतं.

रात्रपाळी. ऑपरेशनला तीन दिवस झालेला पेशंट. काल गप्पा मारत होता, आज भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी फोन केला, "सर, सात नंबरचा पेशंट बरा दिसत नाहीये."

"म्हणजे काय होतंय?"

"पल्स 118, बीपी 100/60. पोट जरा कडक लागतंय."

"मग?"

या 'मग'पुढे माझ्याकडे काही नव्हतं. चार्टवर वेळ टाकून लिहिलं, 'इन्फॉर्म्ड टू डॉक्टर ऑन ड्यूटी'. हे वाक्य म्हणजे आमची ढाल. वॉर्डातल्या मुरलेल्या सिस्टरला पेशंटचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांच्या आधी कळतं, ते डॉक्टरही मान्य करतात. पण आजाराचं नाव उच्चारणं आमचं काम नव्हतं. आणि जे बोलायचंच नाही, ते काही वर्षांनी मनातही येईनासं होतं.

मास्टर्सला हेल्थ असेसमेंटचा वर्ग सुरू झाला तेव्हा ही गाठ सोडवायला माझी दोन सत्रं गेली. तपासलेलं सगळं मी धडाधड सांगायचे आणि गप्प बसायचे. बाई विचारायच्या, "मग? तुला काय वाटतं?" तोच प्रश्न, पण इथे उत्तराची वाट बघणारा. एक नाव सांगितलं की म्हणायच्या, आणखी चार सांग. छातीत दुखतंय तर हार्ट ॲटॅक, फुप्फुसात अडकलेली गुठळी, महाधमनीला पडलेली चीर, ॲसिडिटी, आखडलेला स्नायू, पुरळ उठण्याआधीची नागीण. शक्यता कितीही कमी असो, जीव घेणारं कारण आधी बाद करायचं. निदान म्हणजे मोठ्या माणसांना झटकन सुचणारं नाव असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ती यादी आहे, आणि एकेका प्रश्नाने तिच्यातली नावं खोडायची असतात.

हातांची शिकवणी वेगळीच. नवऱ्याला सोफ्यावर आडवं करून मी त्याच्या बरगड्यांवर बोटं आपटायचे. फुप्फुसावर आवाज पोकळ येतो, यकृतावर भरीव. कुठे बदलतो तिथे पेनाने खूण करायची आणि मोजायचं. यकृत छातीच्या उजव्या अर्ध्या भागाच्या मधल्या रेषेवर साधारण 6 ते 12 सेंटिमीटर भरतं. तो क्रिकेट बघत म्हणायचा, "तबला झाला असेल तर चहा टाक." ही युक्ती लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरची. वडिलांची खानावळ होती, तिथे पिंपात दारू किती उरलीय ते ठोकून बघायचे म्हणतात. त्याचं पुस्तक आलं 1761 साली, म्हणजे आपलं पानिपत झालं त्या वर्षी. (आपण माठ घेताना टिचकी मारतो, पण पुस्तक काही लिहिलं नाही.)

तरी हातांपेक्षा कान जास्त कामाला येतात. मराठी पेशंट असला की तर फारच. तपशील बदलून एक सांगते. एक काकू आल्या, सोबत मुलगी. काकू म्हणाल्या, "पित्त खवळलंय." मुलीने आधीच्या दवाखान्यात त्याचं भाषांतर 'ॲसिडिटी' असं केलं होतं, तिथून ॲसिडिटीच्या गोळ्याही मिळाल्या होत्या. आता बघा, आपल्याकडे पित्त म्हणजे छातीतली जळजळ, पित्त म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांधी, आणि पित्त म्हणजे अर्धं डोकं दुखणं. मी विचारलं, "काकू, नेमकं कुठे होतं?" हात कानशिलावर गेला. किती वर्षं? "थोरला झाला तेव्हापासून." उजेड नकोसा वाटतो, उलटी झाली की बरं वाटतं. मायग्रेन. तेच डोकं पन्नाशीनंतर पहिल्यांदा दुखायला लागलं असतं, चावताना जबडा दुखला असता, कानशिलाला कंगवा लागलेला सोसला नसता, तर माझी यादी पार वेगळी झाली असती. तिथल्या धमनीला सूज आली आणि उपचाराला उशीर झाला, तर दृष्टी जाऊ शकते. दोन्ही यादींत हात जातो त्याच कानशिलावर, फक्त 'किती वर्षं' याचं उत्तर वेगळं.

आणि 'काही नाही गं, गॅस झालाय' म्हणणाऱ्या, घाम आलेल्या, मधुमेह असलेल्या बाईचा मी आधी ईसीजी काढते. मग हसू देत कुणाला हसायचं तर. बायकांचा आणि मधुमेह्यांचा हार्ट ॲटॅक बऱ्याचदा छातीत कळ न येताच येतो.

चुका? झाल्यात. एक पायाची आहे. खोकला घेऊन आलेला मधुमेही गृहस्थ, साठीच्या अलीकडचा. पंधरा मिनिटांची वेळ, बाहेर दोघं बसलेले. खोकला बघितला, छाती ऐकली. कॉम्प्युटरवर नोंदीचा तयार साचा असतो, त्यात 'पाय: नॉर्मल' आधीच भरलेलं होतं. ते मी खोडलं नाही. दोन आठवड्यांनी ते परत आले, अंगठ्याखाली नाण्याएवढी जखम. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली, त्यांना दुखतच नव्हतं, म्हणून त्यांनीही बघितलं नव्हतं. सहकारी डॉक्टरांनी माझी नोंद वाचली आणि एवढंच विचारलं, "मोजे काढले होते?"

नव्हते काढले. 10 ग्रॅमचा नायलॉनचा बारीक तंतू असतो, तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि पेशंटला डोळे मिटून 'कळतंय का' विचारायचं. दोन मिनिटांचं काम. त्यांची जखम भरायला तीन महिने गेले, अंगठा वाचला. तो तंतू तेव्हापासून माझ्या खिशात असतो, आणि साच्यातली नोंद मी आधी पूर्ण पुसते, मग लिहायला घेते.

भारतात असं होईल का, हेही विचारता. भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरसाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला आहे. शिकवणं होईल. पण रात्री फोनवरचा माणूस 'मग?' म्हणून थांबला पाहिजे, आणि ते अभ्यासक्रमात घालता येत नाही.

मागच्या डिसेंबरात मावशीला हे सगळं सांगत बसले होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तू नर्सच," ती म्हणाली. हो, नर्सच. "बरं. मग ते राहू दे, हे बघ जरा." साडी घोट्याच्या वर घेत तिने पाय पुढे केला. "आठ दिवस झाले, चप्पल लागली असेल."

मी चष्मा लावला, फरशीवर बसले आणि विचारलं, "मावशी, दुखतंय का?"

"अजिबात नाही," ती म्हणाली.

मी खिशात हात घातला.