सिलेंडर सत्तरचाच, पण बाहेर किती आणि आत किती?

मुख्य दाराच्या मॉर्टाइज लॉकचा, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपाचा, सिलेंडर (चावी ज्यात घालून फिरवतो तो भाग) बदलायचा म्हणून दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती एमएम?" उत्तरादाखल आपण जुना सिलेंडर काउंटरवर ठेवतो. दुकानदार त्यावर टेप धरतो, सत्तर वाचतो आणि म्हणतो, "सत्तराचो आसा, व्हर." (सत्तरचा आहे, घेऊन जा.) म्हापशाला माझं नेमकं असंच झालं. आणलेला सिलेंडर दारात गेला, स्क्रू लागला, चावीही फिरली. तरी माप चुकलं होतं. आधीच्या सिलेंडरचंही चुकलेलंच होतं, आणि मी त्याचीच नक्कल विकत आणली होती.

मापं घ्यायच्या आधी दोष खरंच सिलेंडरचा आहे का, ते पाहायला हवं. गोव्यात मिरग लागला की सागवानी दारं फुगतात, चौकट थोडी सरकते आणि कुलपाचा बोल्ट समोरच्या पट्टीच्या भोकात नीट न जाता कडेला घासतो. चावी जड जाते आणि आळ सिलेंडरवर येतो. दार उघडं ठेवून चावी फिरवायची. उघड्या दारात हलकी आणि बंद दारात जड फिरत असेल, तर मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलवा, समोरची पट्टी थोडी सरकवली की काम होतं. उघड्या दारातही चावी अडकत असेल, अर्धी आत जाऊन थांबत असेल किंवा हलवून हलवूनच फिरत असेल, तरच सिलेंडरकडे वळायचं. माझ्याकडे एक तिसराच प्रकार होता: मूळ चावी चाले, डुप्लिकेट चाले ना. तीन वेळा चावी कापून आणली, चावीवाल्याला बोलही लावले. कारण शेवटी मापातच निघालं.

हा सिलेंडर म्हणजे युरो प्रोफाइल, वरून गोल आणि खाली चपटी शेपटी. वरच्या गोलाचा व्यास 17 मिमी, पूर्ण उंची 33 मिमी, खालच्या भागाची जाडी 10 मिमी. ही मापं बहुतेक कंपन्यांची सारखी असतात, म्हणून एका कंपनीच्या कुलपात दुसरीचा सिलेंडर बसतो. बदलते ती फक्त लांबी, आणि ती एका आकड्यात सांगता येत नाही. सिलेंडरच्या मधोमध फिरणारी जीभ असते, तिला कॅम म्हणतात. तिच्या बरोबर खाली चपट्या भागात आरपार आटे पाडलेलं भोक असतं, त्यात 5 मिमीचा लांब स्क्रू बसतो. या भोकाच्या केंद्रापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक माप आणि आतल्या टोकापर्यंत दुसरं. 35/35 आणि 40/30 या दोघांची बेरीज 70 च होते, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

सिलेंडर न काढताही माप घेता येतं. दार उघडायचं आणि खाली पाचर ठोकायची, म्हणजे वाऱ्याने लागणार नाही. दाराच्या काठावर कुलपाची उभी पट्टी दिसते. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाकडात गेलेले स्क्रू असतात, त्यांना हात लावायचा नाही. सिलेंडरच्या शेपटीच्या रेषेत एक वेगळा स्क्रू असतो, त्याचं केंद्र म्हणजेच सिलेंडरचं केंद्र. तिथून बाहेरच्या आणि आतल्या टोकापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजायचं. सुताराच्या टेपचा हुक मुद्दामच थोडा हलता ठेवलेला असतो. तो टोकाला अडकवून मोजलं आणि नीट ताणलं नाही, तर एखादा मिमी सहज इकडेतिकडे होतो. टेपच हाताशी असेल तर शून्याऐवजी 10 सेंमीच्या खुणेपासून मोजा आणि नंतर ते 10 सेंमी वजा करा. स्क्रूच्या डोक्याचं केंद्र नजरेने धरताना चूक होते. मी डोक्याच्या एका कडेपर्यंत एकदा आणि दुसऱ्या कडेपर्यंत एकदा मोजलं आणि दोन्हींची सरासरी घेतली.

काढायचा झाला तर स्क्रू सैल करून ओढला म्हणून सिलेंडर येत नाही. चावी काढलेली असताना कॅम एका बाजूला कललेला असतो आणि कुलपाच्या पेटीत अडतो. स्क्रू पूर्ण बाहेर काढायचा, चावी घालायची, आणि घड्याळाच्या काट्यावर अकरा किंवा एकच्या दिशेने हळूहळू फिरवत दुसऱ्या बाजूने बोटाने ढकलायचं. कॅम शेपटीच्या रेषेत आला की सिलेंडर आपोआप सरकतो. ही जागा जेमतेम काही अंशांची असते. घाईने चावी पूर्ण फिरवली की ती निसटून जाते, आणि मग हातोडी घेण्याचा मोह होतो. तो आवरायचा.

आपल्याकडे अडचण त्या स्क्रूचीच. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल. सिलेंडर पितळेचा, स्क्रू लोखंडाचा, आणि गंज चढून तो आट्यातच धरतो. दोन नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, लहान घेतला तर डोक्याची खाच गोल होते. गंज सोडवणारा स्प्रे मारून वीसेक मिनिटं थांबायचं, मग अंगाचा भार देऊन आधी अगदी थोडा घट्ट करायचा आणि नंतर सोडायचा. पहिल्या झटक्यात घट्ट केल्याने गंजाची पकड तुटते. डोक्याची खाच एकदा गेली की ड्रिलशिवाय इलाज नाही, आणि ते काम मी कुलूपवाल्यावर सोडेन. हात चुकला तर सिलेंडरबरोबर पेटीही जाते.

सिलेंडर हातात आल्यावर व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप घ्यायची पट्टी, लावायची. भोकाचं केंद्र व्हर्नियरच्या जबड्यात धरता येत नाही, म्हणून टोकापासून भोकाच्या जवळच्या कडेपर्यंत मोजायचं आणि 2 मिमी मिळवायचे. भोक साधारण 4 मिमीचं असतं, त्याचा अर्धा. माझा आकडा दोन्ही बाजूंना 33 आला, म्हणजे 35/35. ही मापं 5 मिमीच्या पायऱ्यांत येतात: 30, 35, 40, 45. आकडा 34.6 आला तरी तो 35 समजायचा.

इथे थांबलो असतो तर पुन्हा तीच चूक झाली असती. जुना सिलेंडर काय आहे ते कळलं, दाराला काय हवं ते कळायचं होतं. रिकाम्या दाराची मापं घेतली. मूळ फळी 38 मिमीची, पेटी बरोबर मध्यावर, म्हणजे केंद्रापासून दोन्हीकडे 19. पावसाच्या माराने बाहेरची बाजू खराब झाल्यावर कधीतरी तिच्यावर 9 मिमीचा प्लाय लावला होता. त्यावर हँडलची प्लेट 9 मिमी. आतही तशीच प्लेट, पण प्लाय नाही. बाहेर 19 अधिक 9 अधिक 9, म्हणजे 37. आत 19 अधिक 9, म्हणजे 28. बेरीज 65. आधी ज्याने सिलेंडर बसवला त्याने 65 मोजून अर्धे केले असणार आणि 35/35 आणून लावला. बाहेरून तो प्लेटच्या 2 मिमी आत बुडाला, आतून 7 मिमी बाहेर आला.

डुप्लिकेट चावीचं कोडं तिथेच सुटलं. चावीच्या दात्यांच्या आणि पकडायच्या चपट्या डोक्याच्या मध्ये मान असते. मूळ चावीची मान लांब होती, म्हणून 2 मिमी बुडालेल्या सिलेंडरमध्येही ती पूर्ण आत जायची. बाजारातल्या कोऱ्या चावीची मान आखूड, तिचं डोकं आधीच प्लेटला टेकायचं. चावी 2 मिमी बाहेर राहिली की दाते सिलेंडरमधल्या छोट्या पिनांच्या खाली येत नाहीत, पिना चुकीच्या उंचीवर थांबतात आणि सिलेंडरचा आतला फिरणारा भाग फिरत नाही. कापणाऱ्याचं काम चोख होतं, तरी बोल त्यानेच खाल्ले.

प्लेटची जाडी मोजताना तिची कड धरू नका. प्लेट कडेला पातळ आणि मध्ये फुगीर असते, सिलेंडरच्या भोकाजवळची जाडी लागते. प्लेट काढूनच मोजावं, दोन स्क्रूंचं काम आहे.

बाहेर 37 हवे असतील तर 35 की 40? 40. बाहेरून सिलेंडर प्लेटच्या बरोबरीला किंवा जास्तीत जास्त 3 मिमी पुढे असावा. त्याहून जास्त पुढे आला तर पकडीत धरता येतो, आणि मग तो मधोमध तुटतो, कारण वर कॅमसाठी खाच आणि खाली स्क्रूचं भोक असल्याने तिथे पितळ अगदी थोडं उरतं. सिलेंडर मोडून दार उघडायची युक्ती याच जागेवर चालते. माझा 40 चा सिलेंडर 3 मिमी पुढे येतो, मर्यादेवर आहे. 36 मिमीची जागा असलेल्या दाराला 40 लावून 4 मिमी बाहेर ठेवायची वेळ आली, तर बाहेरची प्लेट जाड घ्यावी. आतल्या बाजूला 2-4 मिमी पुढेमागे चालतं, तिथून कोणी पकड लावणार नाही. माझं आतलं माप 30, 2 मिमी पुढे.

दुकानात मग "सत्तरचा" असं न सांगता चिठ्ठी दिली: बाहेर 40 चावी, आत 30 नॉब (चावीऐवजी हाताने फिरवायची मूठ). हे शब्दांत लिहायचं, कारण नुसतं 40/30 लिहिलं तर पहिला आकडा बाहेरचा की आतला हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने धरतो. दोन्हीकडे चावी असेल तर सिलेंडर उलटा बसवून भागतं, पण एका बाजूला नॉब असला की उलटवता येत नाही आणि चूक दुकानातच पदरात पडते. नॉबची लांबी या मापात धरत नाहीत. 60 आणि 70 चे समान बाजूंचे सिलेंडर फळीवर होते, 40/30 मागवावा लागला, चार दिवस गेले. तोपर्यंत जुनाच परत लावून ठेवला.

नॉब घ्यावा की आतूनही चावी? माझं मत नॉबचं. रात्री वीज गेली असताना आग लागली तर आतून चावी शोधत बसणं हा जिवाशी खेळ. शिवाय दोन्हीकडे चावी असलेल्या साध्या सिलेंडरमध्ये आत चावी राहिली की बाहेरून दुसरी फिरत नाही, त्यासाठी दोन्हीकडून एकाच वेळी चालणारा सिलेंडर मुद्दाम मागावा लागतो. अपवाद एकच: दाराला किंवा शेजारी काच असेल आणि ती फोडून नॉबपर्यंत हात जात असेल, तर आतूनही चावीच बरी, आणि ती घरातल्यांना माहीत असलेल्या एकाच खिळ्यावर.

बसवताना नवा स्क्रू दिलेला असतो, बहुधा हवा त्यापेक्षा लांब. काठाच्या पट्टीपासून सिलेंडरच्या केंद्रापर्यंतच्या अंतराला बॅकसेट म्हणतात, माझ्याकडे ते 60 मिमी. चपटा भाग 10 मिमी जाड, म्हणजे केंद्रापुढे 5 मिमी, म्हणून 65 चा स्क्रू पुरतो. जास्तीचा हॅकसॉने कापायचा, पण कापण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवायचा. कापून झाल्यावर नट फिरवून काढला की टोकाचे आटे साफ होतात.

आधी सिलेंडर घालायचा, स्क्रू दोन-चार फेऱ्यांपुरताच लावायचा, मग दोन्ही प्लेटा बसवायच्या आणि चावी आत-बाहेर करून पाहायची. सगळं रेषेत आल्यावरच स्क्रू आवळायचा, तोही थांबेल तिथपर्यंतच. जोर लावून आवळला तर सिलेंडर एका बाजूला ओढला जातो आणि नवी कोरी चावी जड फिरते. तसं झालं तर पाव फेरी सोडा, चावी पुन्हा हलकी होते. हे सगळं दार उघडं ठेवून. बंद दारात पहिली चाचणी घेतली आणि कॅम पेटीत नीट बसला नसेल, तर तुम्ही आत किंवा बाहेर, जिथे असाल तिथेच राहाल.

तेल घालू नका, खोबरेल तर मुळीच नको. आमच्याकडे चिऱ्याची तांबडी पूड सगळीकडे उडते, ती तेलात मिसळून पिनांच्या भोकांत चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड चिमूटभर पुरते. ती मिळाली नाही तर मऊ शिसपेन्सिल चावीच्या दात्यांवर घासून चावी चार वेळा आत-बाहेर करायची.

कपाटाच्या दाराच्या आत आता चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: मुख्य दार, बाहेर 40 चावी, आत 30 नॉब, बॅकसेट 60, स्क्रू 65. खाली कंसात: बाहेरचा प्लाय काढला तर बाहेर 30.