चांदणीची पाठ

मार्गशीर्षातला शनिवार होता. सकाळी सातलाच घोडीवाल्या चाचांचा फोन आला. "मॅडम, चांदणी लय खोड काढायलीय. खोगीर घेऊन जवळ गेलं की चावायला येती. रात्री बाळीवेशीत वरात हाय. तेवढी सुई मारून जावा."

चाचांच्या वडलांचा सोलापूर स्टेशनवर टांगा होता. रिक्षा आल्या, टांगा मोडला, घोडी वरातीला लागली. त्या हंगामात दुखणं दाबणारी ती सुई मी चांदणीला दोनदा मारली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला बघायला गेले नव्हते. दुखणं कळेनासं झालं की जनावर त्याच दुखऱ्या जागेवर अजून जोर देतं. हे मला माहीत होतं, तरी मी घाई केली. ती चूक माझीच.

या वेळी सुई गाडीतच ठेवली. "आधी तिला चालवा," म्हटलं. गल्लीतून वीस पावलं गेली, आली. लंगडत नव्हती. मग मागं सारायला सांगितलं, तर तिनं डोकं वर फेकलं, पुढचे पाय रोवले आणि मागचे फरफटत नेले. फरशीवर नालांचा खर्रकन आवाज आला. पोटाखाली, खोगिराचा पट्टा म्हणजे तंग आवळतात तिथं मधोमध, बोटांची टोकं लावून मी हलकं दाबलं. धडधाकट घोडं अशा वेळी पाठ वर उचलतं. चांदणीनं नुसते कान मागं टाकले. पाठ होती तशीच खचलेली. कण्याच्या दोन्ही अंगांना गादीसारखं मांस लागायला हवं, तिथं माझी बोटं खळग्यात गेली.

"ही खोड नाही चाचा, तिला दुखतंय."

"दुखायला काय झालं? रोज काम करती. बसून थोडीच असती?"

अडचण तिथंच होती. काम म्हणजे व्यायाम नव्हे. वरातीत लगाम वर खेचून धरायचा, मान ताठ, पाठ खाली, आणि तशीच डांबरावर तास-दोन तास नाचवायची, पाठीवर नवरदेव. रोज तेच. घोड्याला हासळीचं हाड नसतं. पुढचं सगळं धड दोन पायांच्या मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. मान सतत वर ओढली की पाठ खचते, झोळीही ढिली पडते. मग वजन स्नायूंनी पेलायचं, ते कण्यावर बसतं.

चाचांनी ऐकलं, पण चेहरा हलला नाही. मी विचारलं, "तुमच्या शेजारची पोरं सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजाचा, त्या उंच जड काठीचा, सराव करतात ना?"

"करतात की. यात्रेच्या आधी रोज रात्री."

"मग? यात्रेच्या दिवशीच एकदम का नाही उचलत?"

चाचा चांदणीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "कंबर मोडंल," म्हणाले. मग फोन लावून त्यांनी मेव्हण्याची घोडी वरातीला पाठवली. इसार हातचा गेला. हंगामातला तो पैसा त्यांना किती जड होता, ते मला ठाऊक होतं.

दोन आठवडे खोगीर बंद. त्यात भरलेला कापूस एका जागी गोळा होऊन टोचत होता, तो काढून नवा भरून घेतला. पुढं पौष लागला, लग्नं थांबली आणि आम्हाला वेळ मिळाला. पहाटे मोकळ्या जागेत 4 बांबू आडवे टाकायचे आणि चांदणीला सावकाश वरून न्यायचं. पहिल्या दिवशी तिनं चारही लाथाडले. मग मोठ्या आठाच्या आकड्यात चाल, दोन-तीन पावलं मागं, आणि शेवटी गाजर. नातू गाजर धरून तिची मान आधी छातीकडं, मग पुढच्या पायांच्या मधे, मग एकेका बरगडीकडं आणायचा. काही सेकंद थांबायचं, ओढायचं नाही. प्रत्येकी 5 वेळा. आठवड्यातून 5 दिवस असं 3 महिने केल्यावर कण्यालगतचे खोल स्नायू भरतात, हे अल्ट्रासाउंडनं मोजून पाहिलेलं आहे. मला हा व्यायाम फार आवडतो, कारण गाजराशिवाय त्याला काहीच लागत नाही.

डावीकडं तिची मान सहज यायची. उजवीकडं मात्र मान वळवायची सोडून ती अख्खी घोडीच फिरवायची. मग तिला भिंतीला लावून उभी केली.

गड्ड्याची, म्हणजे यात्रेतल्या जत्रेची, गर्दी ओसरल्यावर मी गेले. पोटाखाली बोटं लावली. चाचांचा तळवा पाठीवर होता, त्यांना माझ्या आधी कळलं.

"उचलली, मॅडम! बोटभर उचलली!"

खळगा अजून होता, पण त्याच्या कडा बोथट झाल्या होत्या. चाचांनी सांगितलं, फाल्गुनातल्या वरातीसाठी एकजण येऊन गेला. घोडी चालंल, नाचणार नाही, असं यांनी सांगितलं, तर तो परत गेला. दुसरा तयार झाला.

मी बोलत होते तेवढ्यात नातवानं उजव्या बरगडीशी गाजर धरलं. चांदणीनं मान आणली, ओठ लांबवले, आणि चार बोटांवर येऊन थांबली. पाय मात्र हलवले नाहीत.

"अजून दोनदा राह्यलंय," तो म्हणाला.