टाळ थांबले नाहीत तर

माउलींच्या पालखीची समाजआरती ज्यांनी पाहिली नाही, त्यांना वारीतली शिस्त म्हणजे रांगेत चालणं एवढंच वाटतं. चालणं सोपं असतं हो, पायांना सवय होते. खरी शिस्त बघायची तर संध्याकाळी तळावर थांबावं. पालखी मुक्कामाला पोचते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. ह्या दिंडीचा अभंग वेगळा, त्या दिंडीचा वेगळा, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि सगळं एकदम बंद होतं. इतकं की शेजारच्या माणसाने खोकलं तरी दचकायला होतं.

पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. तेवढ्यासाठी आरती अडते. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, सांगायचं ते सांगतात, मग टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या किती वाजता हलायचं ते सांगितलं जातं, आणि मग आरती.

एका वर्षी तरडगावच्या तळावर हे अगदी जवळून बघायला मिळालं. दुपारी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालेलं, सगळे घामाने निथळलेले, कधी एकदा आरती होते आणि पाठ टेकतो असं झालेलं. चोप वर गेला, तळ शांत झाला आणि आमच्या डाव्या हाताला पाच-सात टाळ तसेच खणखणत राहिले. वाजवणारे म्हातारे होते. त्यातल्या एकाच्या टोपीची कड पार पिवळी पडलेली, नजर खाली, हात मात्र चालू. त्यांच्या राहुट्यांच्या जागेवर कुणीतरी ट्रक लावला होता. बास, एवढंच. एका ट्रकपायी एवढा समाज खोळंबला आणि कुणी ‘च्च’ सुद्धा केलं नाही. ट्रक हलवायचं फर्मान सुटलं, म्हाताऱ्याने टाळ गळ्यात सोडले आणि आरतीसाठी हात जोडले.

ह्या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी चाकरी केलेला माणूस. त्यामुळे असेल, पण दिंड्यांचे क्रमांक, रथापुढच्या कोणत्या आणि रथामागच्या कोणत्या, पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये मृदंग आणि विणेकरी, मागे तुळशी-हंडे घेतलेल्या बाया, हे सगळं फौजेसारखं बांधलेलं आहे. मला मात्र त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही तक्रारीचीच वाटते. शिस्त लावणारे पुष्कळ भेटतात. त्या शिस्तीत गाऱ्हाण्याला जागा ठेवणारे कमी.

हे आठवायचं कारण आमच्या कॉलनीतलं सत्संग मंडळ. दर गुरुवारी हरिपाठ, ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवर थोडं निरूपण, आरती, चहा. निरूपण करणारे एक काका. वाणी गोड, पाठांतर अफाट, बारावा अध्याय तर असा सांगायचे की डोळ्यांत पाणी यायचं. हे मी आजही म्हणेन. हळूहळू काका रात्री साडेदहा-अकराला बायकांना फोन करू लागले. ‘नाम कसं चाललंय?’ इथून सुरुवात, आणि गाडी घरच्या भांडणांपर्यंत जायची. मग अन्नदानासाठी म्हणून उसने पैसे. पावती नाही, तारीख नाही. आमच्यातल्या एका ताईंनी, मिस्टर जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्यांना बऱ्यापैकी रक्कम दिली. माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता त्यांनी हे सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, देवाच्या कामाला गेले.’ गेले का देवाच्या कामाला, हे विचारायची सोय नव्हती, हाच तर घोळ होता.

मी मंडळातल्या दोन ज्येष्ठांशी बोलले. एक म्हणाले, ‘भक्तीत हिशेब कसला आणायचा?’ मला हसूच आलं. दिंडीत भिशी, म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी, भरल्याशिवाय नाव लागत नाही. तांदळापासून टँकरपर्यंत सगळं वहीत असतं. आमच्या बायकांच्या राहुटीबाहेर उभं राहून विणेकरी बुवासुद्धा हाक मारतात, ‘माउली, आत येऊ का?’ म्हणून. बुवांच्या पाया सगळे पडतात, तरीही. दुसरे ज्येष्ठ म्हणाले, ‘माउलींच्या तसबिरीसमोर असले विषय नकोत.’ अहो, तिकडे तर प्रत्यक्ष पालखीसमोर सांगतात!

पुढच्या गुरुवारी हरिपाठ संपला, काकांनी आरतीचं तबक उचललं, सगळ्यांनी टाळ खाली ठेवले. मी वाजवत राहिले. आधी लोकांना वाटलं, माझं लक्ष नाही. शेजारणीने कोपराने ढोसलं. मागे बसलेले एक वारकरी आजोबा तेवढे ओळखून म्हणाले, ‘थांबा, गाऱ्हाणं आहे.’ तबकातला कापूर जळून गेला.

ताईंचं नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हणाले, ‘काका, रात्री नऊनंतर कुणाला फोन करायचा नाही. आणि मंडळाच्या नावाने पैसा घ्यायचा तो पावतीपुस्तकावरच. आजवर घेतला असेल तो आषाढीच्या आत परत.’ काकांचा चेहरा उतरला. ‘माझ्यावर अविश्वास?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘नियम सगळ्यांना आहे काका, मलाही.’ कोपऱ्यातून एक सूनबाई बोलली, मग दुसरी. फोन किती जणींना जात होते, ते तेव्हा कळलं.

सगळं काही गोड झालं नाही. दोन घरं मंडळ सोडून गेली. माझ्यामुळे, असं अजून म्हणतात. काका महिना-दीड महिना आलेच नाहीत. आता येतात, मागे बसतात. निरूपण आळीपाळीने होतं आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं रंगत नाही. ताईंचे निम्मे पैसे आले, उरलेल्यांसाठी आजोबा मध्यस्थी करताहेत. पावतीपुस्तक कुणाकडे ठेवायचं यावर मागच्या गुरुवारी चांगलाच वाद झाला. कुणाकडेच नको, देवघरातल्या कपाटात ठेवू, असं ठरलं. तर त्या कपाटाला कुलूपच नाही. उद्या बाजारात जायचंच आहे, घेऊन येईन.