एनएसएस, दत्तक गाव आणि माझी ऑनर्सची चार वर्षं: माझा अनुभव

मी सध्या ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला आहे. विषय अर्थशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स मिळवता येतं. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च'चा रस्ताही खुला होतो. प्रवेश घेतला तेव्हा आमच्या वर्गात सगळी चर्चा याच टक्क्यांची. मेजर, मायनर म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांच्या यादीत खाली को-करिक्युलर (अभ्यासाला जोडून करायचा उपक्रम) आणि कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट (लोकांमध्ये जाऊन करायचा प्रकल्प) अशी दोन नावं होती, त्यांच्याबद्दल कुणी फारसं विचारत नव्हतं. आज मागे वळून पाहताना मला ठामपणे वाटतं की मला सगळ्यात जास्त घडवलं ते या दोघांनी. माणसांना नीट प्रश्न विचारायला आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायला मी तिथे शिकले.

को-करिक्युलरसाठी मी राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस निवडली. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. नियम सोपे आहेत: वर्षाला 120 तास काम, दोन वर्षांत 240 तास, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. पहिले काही तास उद्बोधनात जातात, मग परिसर स्वच्छता, रक्तदान शिबिरात मदत, मतदार नोंदणी अशी कामं. प्रत्येक कामाची नोंद डायरीत करून कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्यायची. ज्यांना पुढे हे करायचंय त्यांना एकच सांगते, सही त्याच दिवशी घ्या. वर्षअखेरीला सगळे एकदम सरांच्या टेबलाभोवती जमतात आणि कोणतं काम कधी केलं हे कुणालाच आठवत नाही.

शिबिर आमच्या कॉलेजच्या एनएसएसने दत्तक घेतलेल्या गावात झालं. पहाटे प्रभातफेरी, नाश्ता झाला की श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गटचर्चा. श्रमदानात ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, दाभणाने सुतळी ओढून तोंड शिवायचं आणि थर लावायचे. गावातले एक काका आमच्याबरोबर उभे होते. गोणी गच्च भरू नका म्हणाले, पाऊण भरा, म्हणजे ती बसते आणि मधली फट बुजते. थर लावताना सांधेमोड करायची, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी आली पाहिजे. मी तोवर घरात आणि वर्गात कमी बोलणारी मुलगी म्हणूनच ओळखली जात होते. त्या ओढ्यात गोण्यांच्या रांगेत उभी राहून मी आवाज चढवून सूचना द्यायला लागले, कारण नाही दिल्या तर थर वाकडा जात होता. पाणी अडलेलं दिसलं तेव्हा आम्ही सगळे अक्षरशः ओरडलो.

खरं शिक्षण मात्र चौथ्या सत्रात झालं, कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्टमध्ये. आमच्याकडे तो दोन क्रेडिटचा, म्हणजे 60 तासांचा होता. आमच्या गटाने तेच गाव घेतलं आणि विषय घेतला घरगुती पाण्याचा. कॉलेजातून एक छापील फॉर्म मिळाला होता, सगळे प्रश्न हो किंवा नाहीचे. घरात नळ आहे का? हो. शौचालय आहे का? हो. पहिल्या काही घरांत असेच हो भरत गेले. मग वरच्या आळीतल्या एका आजींनी आत बोलावलं. "ये पोरी, लिहीत काय बसलीस, बघ तरी," असं म्हणून त्यांनी शौचालयाचं दार उघडलं. आत छतापर्यंत सरपण रचलेलं होतं. "पाणी हाय, पण इथवर चढत न्हाई," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सरांना फोन केला आणि फॉर्म नव्याने लिहिला. नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, ते आणायला कोण जातं, किती खेपा होतात, असे प्रश्न घातले. पाणी किती हे मोजायचं कसं, हा पेच होता. कुणाकडे हंडा, कुणाकडे कळशी, कुणाकडे पिंप. मग लिटरची बाटली बरोबर घेतली आणि प्रत्येक घरातला एक हंडा त्यांच्याच देखत बाटलीने भरून मापला. पोरं भोवती जमून मोठ्याने मोजायची. बायका हसायच्या, पण त्यानंतर मोकळेपणाने बोलायच्या. माझ्या मते सर्वेक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता, कारण मापत असताना त्या आपणहून जे सांगायच्या ते कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं. एका ताईंनी सांगितलं की परीक्षेच्या दिवसांतही त्यांची मुलगी पहाटे पाण्याला जाते.

जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे गावांत घरोघरी नळाने पाणी देण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेत, माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर. वरच्या आळीतल्या कित्येक घरांत त्याच्या निम्मंही पोहोचत नव्हतं. गावाची सरासरी काढली की मात्र चित्र ठीकठाक दिसायचं. आळीनुसार तक्ता मांडला तेव्हा फरक उघडा पडला. अर्थशास्त्रात सरासरी आणि वाटप यातला भेद मी परीक्षेत लिहिला होता. तो मला कळला तो हंडे मोजताना.

1 मेच्या ग्रामसभेत निष्कर्ष मांडायची जबाबदारी गटाने माझ्यावर टाकली. तोंडाला कोरड पडली होती. तक्ता वाचून झाला तसे मागून एक आजोबा उठले. "हे कागद तुमच्या मार्कासाठी का आमच्यासाठी?" मी म्हटलं, "आजोबा, मार्क मिळणार आहेत, ते खोटं सांगणार नाही. पण एक प्रत आत्ताच ग्रामपंचायतीला देतेय आणि त्यातला प्रत्येक आकडा तुमच्या घरी तुमच्यासमोर मोजलेला आहे." आजोबा मान हलवून खाली बसले आणि मग खरी चर्चा सुरू झाली. पाणी सोडणारे काका म्हणाले, खालच्या आळीचे नळ चालू असेपर्यंत वर दाब येतच नाही, आधी वरचा व्हॉल्व्ह उघडून खालचा बंद ठेवला तर चढेल. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ग्रामसभेने तो क्रम लावून बघायचं ठरवलं.

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. वरच्या आळीत पाणी चढत होतं, पुरेसं नसलं तरी रोज येत होतं. आजींच्या शौचालयातलं सरपण अर्धं बाहेर निघालं होतं. टाकीच मुळात लहान आहे, तो प्रश्न तसाच आहे, आणि त्यासाठी आराखड्यात तरतूद लागेल.

आता ऑनर्सच्या संशोधन प्रकल्पासाठी मी विषय घेतलाय तो पाणी आणण्यात जाणाऱ्या बायकांच्या वेळेचा. मार्गदर्शक मॅडमनी आधी नमुना किती घरांचा घेणार असं विचारलं. मी म्हटलं, आधी वरच्या आळीतल्या बायकांबरोबर बसून प्रश्नावली लिहिते, मग घरं ठरवू. त्यांनी होकार दिलाय. पुढच्या आठवड्यात पहिली बैठक आहे.