वर्तणूक : चांगली

"सर, तुम्ही फोडून काढायचा म्हणून आम्ही माणसांत आलो. आता पोरास्नी बोट लावायची सोय न्हाई. मग दंगा करणारी पोरं शाळा आवरती तरी कशी?"

निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, विट्याच्या स्टँडवर. विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी, पंचेचाळिशीला आलेले. प्रश्नाबरोबर उत्तरही ते घरूनच घेऊन येतात, की छडी गेली आणि शाळा बिघडली. आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण यंदाच्या दिवाळीत तुमच्या १९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात तुमच्यातल्या एकानं हेच माईकवरून विचारलं. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ, अशा अवस्थेत मला धड बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सवडीनं सांगतो.

१९८९ ते २०२२ मी खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. त्यातली पहिली वीसेक वर्षं छडीसकट. निरगुडीचा ओला फोक सगळ्यात चांगला बसतो, हे ज्ञान मला बी.एड.ला मिळालं नव्हतं. ते रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शाळेच्या शिपायानं दिलं. बी.एड.ला आम्ही सराव पाठ घेतले, टाचणं काढली, रंगीत खडूंनी फळे सजवले. तेव्हा पोरं चिडीचूप असायची, कारण मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक वही घेऊन बसलेले असायचे. प्राध्यापक उठून गेल्यावर वर्गाचं काय करायचं, तो भाग अभ्यासक्रमात नव्हता.

जून १९९३ ची आठवी ब घ्या. पत्र्याची खोली, ६४ पोरं. शेवटच्या बाकावर एक जण होता. कंपासपेटीवर पेनानं असा ठोका द्यायचा, की व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शिपायानं टोल दिला असं वाटावं. शेजारच्या तुकडीतली पोरं दप्तरं आवरायला लागायची. एकदा तर शेजारच्या वर्गावरचे सरच पुस्तक मिटून बाहेर आले. आज सांगताना मलाही हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

त्याचे आईवडील गलाईवर, तमिळनाडूत. आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तिकडं माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनंचांदी आटवून शुद्ध करून द्यायच्या या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. पोरं गावाकडं आजी-आजोबांपाशी. शाळेनं पालकांना बोलावलं की आज्जी यायची, पदराला हात पुसत. "कातडं तुमचं, हाडं आमची. मारा सर." मी मारायचो. दोन दिवस तो गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा टोल. मग मी वाढवून मारायचो. निदान गणिताच्या मास्तराच्या तरी ध्यानात यायला हवं होतं, की त्याच गुन्ह्याला दर महिन्याला जास्त फोक लागतायत.

दिवाळीच्या सुट्टीत तो वडिलांकडं गेला आणि परत आलाच नाही. "गलाईवर गेला, सर," पोरं म्हणाली. आमच्या शाळेत या वाक्यावर पुढं कुणी काही विचारत नसे.

यंदा मेळाव्यासाठी तुम्हाला नावांची यादी हवी होती, म्हणून मी शाळेत गेलो. क्लार्कनं जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. त्याचं नाव सापडलं. शाळा सोडल्याचं कारण, पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक, चांगली. अक्षर क्लार्कचं असलं तरी वर्गशिक्षक म्हणून मजकूर मी सांगितलेला. दाखल्यावर वाईट शेरा मारला तर पुढची शाळा घेत नाही, म्हणून सगळेच 'चांगली' लिहितात. ज्याला मी महिनोन्‌महिने वर्तणुकीपायी झोडपलं, त्याची वर्तणूक सरकारदरबारी चांगली निघाली.

मग मी उगाच पुढची पानं चाळत बसलो. त्या ६४ जणांतले ४१ जण १९९६ च्या मार्चमध्ये दहावीला बसले. बाकी २३. दोन-चार मुलींची लग्नं झाली, काहींची गावं खरोखर बदलली, बाकीचे गलाईवर नाहीतर नुसतेच 'सतत गैरहजर'. यातले किती माझ्या छडीनं गेले हे मी सांगू शकत नाही. पण आठवीतले मागचे तीन बाक दहावीपर्यंत रिकामे झाले होते, हे मात्र नावांवरून स्पष्ट दिसत होतं. 'आमच्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू यायची' असं तुम्ही ज्या वर्गाबद्दल सांगता तो हाच दहावीचा वर्ग. त्या शांततेत वजाबाकीचा वाटा केवढा, हे मी तेव्हा मांडून पाहिलं नाही. आणि छडीचं गुणगान करायला आज उरलात तुम्ही, म्हणजे जे टिकले ते.

जरा विषयांतर करतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. हे भाषणांत सगळे सांगतात. पण कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून 'शुद्ध' व्हायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांनाच वसतिगृहातून काढलं होतं, हे कमी जण सांगतात. अभ्यासातही ते काही पुढं नव्हते. आमच्या हायस्कूलनं अशा पोराच्या हातात दाखला देताना 'वर्तणूक चांगली' एवढं नक्की लिहिलं असतं.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला मनाई करतं हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच कलमात मानसिक छळालाही मनाई आहे, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकायची नाही. २०१२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आली. बाकावर उभं करणं, पायाखालून हात घालून कान धरायला लावणं, गुडघ्यावर बसवणं, सगळं त्यात शिक्षा म्हणून नोंदलेलं. स्टाफरूममध्ये ती यादी वाचून दाखवली तेव्हा एक सर म्हणाले, "मग आता राहिलं काय?" तेव्हा सगळे हसले, मीही. पण प्रश्न खराच होता. छडी काढून घेतली, तिच्या जागी काय धरायचं हे कुणी हातात दिलं नाही. समुपदेशकाचं पद आमच्या शाळेत माझ्या पूर्ण नोकरीत नव्हतं.

मग छडी गेली आणि जीभ आली. "बाप तिकडं सोनं आटवतोय आणि तू इथं आमचं डोकं आटव," हे वाक्य मी स्वतः चाळीस पोरांसमोर बोललोय. फोकाचा वळ दोन दिवसांत जायचा. या वाक्यावर त्या पोराला वर्षभर चिडवलं गेलं.

जिभेनं भागलं नाही की पुढच्या पायऱ्या ठरलेल्या. ऑफिसबाहेर उभं करणं. पालकांकडून हमीपत्र. तुकडी बदलणं, म्हणजे आपली डोकेदुखी शेजारच्या सरांच्या गळ्यात. शेवटी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये हळू आवाजात, "तुम्हीच दाखला नेलात तर पोराचं बरं होईल." नववीनंतर तर १७ नंबरचा फॉर्म आहेच. ज्यांची शाळा सुटली त्यांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून ती चांगली सोय. पण निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नको असलेल्या पोरांना त्या वाटेला लावलेलं मी पाहिलंय. शाळा आवरती कशी, या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे, की पुष्कळदा आवरतच नाही. बाहेरच काढते, फक्त पूर्वीसारखा आवाज होत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर मला आमच्या शाळेतल्या हिंदीच्या बाईंकडं पाहून कळलं, आणि तेही फार उशिरा.

बाईंच्या हातात कधी छडी पाहिली नाही, अगदी १९९० च्या काळातही. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, पोरं पेंगणारी नाहीतर उधळलेली, आणि वर्ग तरी ठीक चाललेला. आम्ही म्हणायचो, बाईमाणूस म्हणून पोरं दया करतात. एकदा ऑफ तासाला मी खिडकीपाशी उभा राहून ऐकलं. एका कोपऱ्यात खुसपूस सुरू झाली. बाई थांबल्या नाहीत, रागावल्या नाहीत. वाचता वाचता चालत त्या कोपऱ्यात गेल्या, बाकावर हात ठेवला आणि उरलेला सगळा धडा तिथूनच शिकवला. बस्स. मी मात्र वीस वर्षं टेबलापाशी उभा राहून तिथूनच खडू फेकत होतो.

त्या हजेरी नंबरानं घेत नसत, नावानं घेत. कुणाला वर्गासमोर झापत नसत. दंगा केलेल्या पोराला तास संपल्यावर वह्यांचा गठ्ठा स्टाफरूमपर्यंत आणायला सांगायच्या. व्हरांड्यातली ती दोन मिनिटांची वाट. मी विचारलं, बाई, वाटेत काय सांगता त्याला? म्हणाल्या, "काही नाही. म्हैस व्याली का, आज्जीचा गुडघा कसा आहे, असलं काहीबाही विचारते. दंग्याचं मी नावच काढत नाही. मग तोच काढतो."

दंगेखोराला मॉनिटर करावं हा सल्ला पुष्कळ जण देतात. बाईंना तो पटत नसे. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. उद्यापासून तोच बाकीच्यांना मारेल," म्हणायच्या. आणि एक गोष्ट त्या स्वतःच्या पैशांनी करायच्या. ज्याचे वडील गलाईवर त्याच्या वडिलांना सहामाहीला एक आंतरदेशीय पत्र. त्यात तक्रार नाही. 'तुमचा मुलगा कविता मोठ्यानं म्हणतो', इतकंच. दुकानाच्या बिलाच्या कागदावर लिहिलेली उत्तरं यायची. त्यातलं एखादं पोराला वाचायला द्यायच्या.

सगळं गोड बोलून झालं असंही नाही. एका पोरानं दुसऱ्याच्या हातावर ब्लेड ओढलं, तेव्हा बाईच मुख्याध्यापकांकडं हटून बसल्या, की त्याला आठवडाभर वर्गात बसवायचं नाही, आणि घरीही पाठवायचं नाही. ग्रंथालयात बसवून त्याचा अभ्यास घेतला. ज्याचा हात कापला त्याच्या घरी आधी गेल्या, मग याच्या. बाकीच्या पोरांना निर्धास्त बसता आलं पाहिजे, यात त्यांची तडजोड नव्हती. उलट प्रत्येक दंग्यामागं काही करुण कहाणी असते असंही त्या मानत नसत. काही पोरं निव्वळ मजा म्हणून दंगा करतात.

२०१० नंतर मी त्यांची नक्कल करायला गेलो आणि तोंडावर आपटलो. एक पोरगा उभा राहून म्हणाला, "सर, आता तुमास्नी मारता येत न्हाई, टीव्हीवर सांगितलंय." हात शिवशिवला. मी वर्गाबाहेर जाऊन पाणी प्यालो. त्या वर्षी मी एक केलं, दंगा नेमका कधी सुरू होतो ते रोज टाचणवहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवलं. महिन्यानं पाहिलं तर जवळजवळ दर वेळी मी फळ्याकडं तोंड करून लांबलचक उदाहरण सोडवत असताना. ज्यांना ते आधीच सुटलेलं ते आणि ज्यांना सुरुवातच करता येत नव्हती ते, दोन्ही टोकं एकदम उठायची. मग मी फळ्यावर तीन वेगवेगळ्या ताकदीची उदाहरणं लिहून वर्गात फिरायला लागलो. दंगा संपला नाही, निम्म्यावर आला. कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक आहे. ३५ जणांत असं फिरता येतं. आठवी ब च्या ६४ मध्ये बाकांतून वाटच नव्हती, हे माझ्या बाजूनंही सांगून ठेवतो.

कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा माझी शेवटची काही महिनेच नोकरी राहिली होती. पोरं चाळीस मिनिटं एका जागी बसायचं विसरलेली, हात सारखा खिशातल्या मोबाइलकडं. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

मेळाव्याच्या आधी, यादी देताना मी तुमच्या मुख्य संयोजकाला म्हटलं होतं, आठवीत शाळा सोडलेल्यांची नावंही यात आहेत, त्यांनाही बोलवा. तो कोइमतूरहून फोनवर बोलत होता, मागं भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता. कंपासपेटीवाल्याचं नाव घेतल्यावर ओळख पटून हसला. त्याचं दुकान कुठल्या गावात आहे हेही त्याला माहीत होतं.

"पण सर," तो म्हणाला, "ग्रुपचं नावच दहावी शहाण्णव हाय. त्याला कुठल्या नात्यानं बोलवायचं?"